सासऱ्यांचा इंग्रजीचा तास

घोडेगावच्या आमच्या घरात मोबाईलची रेंज एकाच जागी यायची, ओसरीच्या कोपऱ्यात, सासऱ्यांच्या खाटेशेजारी. स्वयंपाकघरात फोन मुका व्हायचा, आतल्या खोलीत आचके द्यायचा आणि गच्चीवर नेला तर उन्हानं तापून बंदच पडायचा. त्यामुळे कोरोनात शाळा बंद झाल्या आणि घरून शिकवा असा हुकूम आला, तेव्हा आठवीचा इंग्रजीचा तास मला त्या कोपऱ्यात उभं राहून घ्यावा लागला. उभं राहून, कारण सासऱ्यांपुढे मी बसत नसे. आणि डोक्यावर पदर घेऊन, कारण तोही घ्यावाच लागे. माझ्या वर्गातल्या पोरांना सुरुवातीला वाटलं, मॅडम देवळातून शिकवतायत.

हे वाचून कुणी आमच्या घराला नावं ठेवू नयेत. घर चांगलं होतं. मला नोकरी करू दिली, असं शेजारीपाजारी कौतुकानं म्हणत. 'करू दिली' हे शब्द कानावर पडले की माझ्या कपाळावर आठी चढायची, पण ते खरंही होतं. मी स्कूटीवर बसून शाळेत जायचे, बँकेत साहेबांशी हुज्जत घालायचे, पालकसभेत माईक हातात घेऊन बोलायचे. फक्त घरी आल्यावर एका माणसाशी बोलायचे नाही. त्यांना मी मामा म्हणायचे, म्हणजे इतरांशी बोलताना. त्यांना प्रत्यक्ष हाक मारायची वेळ लग्नापासून कधी आलीच नव्हती.

बोलणं व्हायचं ते सासूबाईंच्या मार्फत. मी चुलीकडून म्हणायचे, "आत्या, मामांना म्हणावं, ताट वाढलंय." मामा हाकेच्या काय, कुजबुजीच्या अंतरावर बसलेले असायचे. ते म्हणायचे, "तिला म्हणावं, कालवण कमी घाल." सासूबाई मधल्या मध्ये. त्या बिचाऱ्या एकही शब्द पुढे ढकलत नसत, नुसतं एकदा माझ्याकडे आणि एकदा त्यांच्याकडे बघून मान हलवायच्या. तेवढ्यावर आमचा संसार सुरळीत चालला होता. नवऱ्याला यात काही विचित्र वाटत नव्हतं. त्याच्या आईनंही तिच्या सासऱ्यांशी असंच आयुष्य काढलं होतं.

मामा बैलांचे व्यापारी. आमच्या गावचा जनावरांचा बाजार सगळ्या मुलखाला ठाऊक, आणि त्या बाजारात मामांचा शब्द चालायचा. जनावराच्या जबड्यात बोट घालून, दात बघून ते वय सांगत. कुणी त्यांचं स्वतःचं वय विचारलं की म्हणायचे, "दात बघ की." पांढरं धोतर, खांद्यावर टॉवेल, पायात करकरणाऱ्या वहाणा. बाजाराच्या दिवशी पहाटेच बाहेर पडत आणि दिवेलागणीला परत येत, धुळीनं माखलेले आणि खुशीत असलेले. त्या खुशीतलं मला काही कळत नसे, पण त्या दिवशी घरात सगळेच जरा मोकळं बोलत, ते मला आवडायचं.

शाळा बंद पडायच्या आधीच्या हिवाळ्यात मामांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. बोलणं शाबूत राहिलं, हे आमचं नशीब की त्यांचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. नगरच्या डॉक्टरांनी नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, की व्यायाम नेटानं केला तर हा माणूस चालेल, नाही केला तर खाटेवरून उठणार नाही, आणि खाटेवर पडून राहिलेला म्हातारा फार दिवस काढत नाही. नवऱ्यानं ते घरी येऊन आम्हाला जसंच्या तसं सांगितलं. सासूबाई पदरानं तोंड पुसत राहिल्या.

व्यायाम शिकवायला शेवगावहून एक फिजिओथेरपीवाला मोटारसायकलवर यायचा. चांगला माणूस होता. त्यानं मामांचा पाय उचलून गुडघ्यात वाकवला की मामा भिंतीकडे बघत म्हणायचे, "मी काय इकायला काढलेला बैल हाय का, पाय उचलून बघायला?" काही दिवसांनी तो यायचा थांबला. मग नवऱ्यानं समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, एकदा तर डोळ्यांत पाणी आणून पाहिलं. मामा भिंतीकडे तोंड करून पडले ते पडलेच. एकदा सासूबाईंना म्हणाले, "बसल्या बैलाला बाजारात कोन इचारतं? पडू दे मला." हे मी दाराआडून ऐकलं. पण माझ्या हातात काय होतं? मुलाचं ऐकत नव्हते, बायकोचं ऐकत नव्हते. मी तर मोजणीतच नव्हते.

अशा माणसाच्या खाटेशेजारी माझा इंग्रजीचा तास सुरू झाला.

मला इंग्रजी आलं ते नगरला, मिशनच्या शाळेत. तिथल्या एक ख्रिस्ती बाई आम्हाला शिकवायच्या. त्यांच्या तासाला पहिले कितीतरी दिवस पुस्तक उघडायचंच नाही. त्या नुसत्या सांगत सुटायच्या, उठा, बसा, खिडकी उघडा, मैत्रिणीशी हात मिळवा, आणि ते सगळं इंग्रजीत. आधी स्वतः करून दाखवायच्या, मग आम्ही करायचं. करता करता भाषा अंगात मुरायची. पुढे मी बी.एड. केलं, शिकवण्याच्या पद्धतींवर परीक्षा दिल्या, पण वर्गात पाय ठेवला की माझ्या तोंडून त्या बाईच बोलायच्या. आता त्या नाहीत. त्यांच्या पांढऱ्या साडीला येणारा कापराचा वास मात्र इंग्रजी बोलताना मला कधीकधी अजून येतो.

तर फोनवर शिकवायचं ठरलं तेव्हा मी तीच पद्धत घेतली. विषय घेतला आरोग्याचा. कारण उघड होतं. पोरं घरात कोंडलेली, दिवसभर लोळायची, हाती फोन. म्हटलं, इंग्रजी येवो न येवो, निदान हातपाय तरी हलतील. धड्याला नाव दिलं, लोक दीर्घायुषी का होतात. पोरांना एवढंच सांगितलं, की रोज मी इंग्रजीत सांगेन ते करायचं, आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून यायचं, इतकी वर्षं जगलात ती कशाच्या जोरावर. ते उत्तर इंग्रजीत आवाजात भरून पाठवायचं.

पोरांनी पाठवलेले ते आवाज मी आज ऐकायला मागितले तर मिळणार नाहीत. तो फोनच मेला. पण कानात आहेत. एकीनं सांगितलं, "माय ग्रँडमदर ईट बाजरी, नो बिस्कीट." एकानं सांगितलं, की त्याचे आजोबा रोज कुणावर तरी रागावतात म्हणून ते स्ट्राँग आहेत. आणि एका पोरानं फार विचार करून, अडखळत, एकेक शब्द वेचून सांगितलं, "माय ग्रँडफादर लिव्ह लाँग बिकॉज ही डझ नॉट डाय." मी हसू आवरत सगळ्या वर्गाला त्याचा अर्थ मराठीत सांगितला. याचे आजोबा खूप जगले, कारण ते मेले नाहीत.

माझ्या पाठीमागे कुणीतरी हसलं. घशातल्या घशात, खोकल्यासारखं, पण हसणंच. मी वळून बघितलं नाही. दाराच्या चौकटीत सासूबाई उभ्या होत्या, हातात पीठ लागलेलं, तोंडाचा आ झालेला. मामा हसल्याला महिने झाले होते.

फोनची गंमत अशी, की शिकवताना आपलाच चेहरा आपल्याला दिसतो, आणि आपल्या खांद्यामागचंही दिसतं. माझ्या डाव्या खांद्यामागे खाट होती. मामांचं तोंड आता भिंतीकडे नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखं पोरांना म्हटलं, "रेज युवर राइट हँड," आणि माझा उजवा हात वर केला. पडद्यावर पोरांचे हात वर झाले, कुणाचे डावे, कुणाचे उजवे. आणि त्याच पडद्यात, अगदी कोपऱ्यात, खाटेवर तो गेलेला उजवा हात थरथरत पांघरुणातून बाहेर आला. उशीपर्यंत वर गेला आणि पडला.

मला रडू आलं असतं तर सगळं बिघडलं असतं. एवढं मला कळत होतं. मामांना मी ओळखत होते. एखाद्या जनावरावर डोळा ठेवलाय हे समोरच्याला कळू देईल तो व्यापारी कसला? मी वळले असते, किंवा नवऱ्याला हाक मारून दाखवलं असतं, तर तो हात पुन्हा कधी पांघरुणाबाहेर आला नसता. म्हणून मी पुढे बोलत राहिले. फक्त पुन्हा म्हटलं, उजवा हात वर. पुन्हा म्हटलं. त्या आठवड्यात माझ्या वर्गानं उजवा हात इतक्या वेळा वर केला, की एका मुलीनं शेवटी विचारलं, "मॅडम, लेफ्ट हँडचा धडा कधी हाय?"

तिथून तो तास पोरांचा राहिला नाही. म्हणजे पोरं शिकत होती, त्यात खोट नाही. पण धडा ठरवताना मी खाटेकडे बघून ठरवायचे. डॉक्टरांच्या कागदावर जे जे व्यायाम लिहिले होते ते मी इंग्रजीत केले. मूठ आवळा, मूठ सोडा. गुडघा वाकवा. दीर्घ श्वास घ्या, सोडा. आधी इंग्रजीत सांगायचं, मग करून दाखवायचं, आणि मागून मराठीत अर्थ. मराठी अर्थ आठवीच्या पोरांना लागतच नव्हते इतके सोपे शब्द होते ते. पण मी सांगायचे, आणि जरा मोठ्यानं सांगायचे.

लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्या माणसाला काहीतरी सांगत होते. उठा म्हणत होते, बसा म्हणत होते, पाणी प्या म्हणत होते. मराठीत सुनेनं सासऱ्याला असं म्हटलं असतं तर गावभर झालं असतं. इंग्रजीला कुणी सून नव्हती आणि कुणी सासरा नव्हता. आमच्या ओसरीवर कुणी कुणाशी काय बोलावं याचे नियम करणाऱ्यांना ही भाषा इथे येईल हे सुचलंच नव्हतं. मला त्याचा आनंद व्हायचा, अगदी लहान मुलीसारखा. तास संपला की स्वयंपाकघरात येऊन मी सासूबाईंचा हात दाबायचे. त्या म्हणायच्या, "तुझं विंग्रजी यांना लई लागू पडलंय, मास्तरीनबाई. डॉक्टरच्या गोळ्यापरीस."

जेवणावरचा धडा आला तेव्हा मी मिठाबद्दल बोलले. जास्त मीठ वाईट, लोणचं कमी, पापड कमी. हे बोलताना मी पडद्याकडे पाहत होते आणि मामांच्या भुवया चढलेल्या मला दिसत होत्या. दुपारी ताटातली लोणच्याची फोड त्यांनी बोटानं कडेला सारली. संध्याकाळी मात्र खाटेवरून खणखणीत आवाज आला, "तिला म्हणावं, तंबाखूवर धडा घेऊ नको."

सासूबाई हसून हसून भिंतीला टेकल्या. मी चुलीपाशी थिजले. म्हणजे त्यांना कळत होतं. सुरुवातीपासूनच कळत असणार. हा वर्ग कुणासाठी चाललाय, कुणाला मी उठा म्हणतेय, सगळं. आणि त्यांनी हे कळलंय असं दाखवलं, पण कबूल केलं नाही. मला वाटतं, त्या दिवसापासून मी त्यांच्या लेखी मोजणीत आले. मी सासूबाईंना म्हटलं, "मामांना म्हणावं, उभं राहण्याचा धडा आधी पुरा होऊ दे, मग तंबाखूचं बघू." मामांनी नाही म्हटलं नाही, याचा अर्थ मला लागला.

'स्टँड अप' हे इंग्रजीतलं सगळ्यात सोपं वाक्य. बालवाडीतल्या पोरालाही येतं. ते मी आठवीच्या वर्गाला कितीतरी दिवस शिकवत होते. पोरं कंटाळली. मी म्हटलं, आज हळू उठायचं, म्हातारा माणूस उठतो तसं. आज खांबाला धरून उठायचं. ज्यांच्या घरी खांब नाही त्यांनी दार धरायचं. पोरांना त्यात गंमत वाटली, कुणी पाठीत वाकून नक्कल करू लागलं. आणि एके सकाळी पडद्याच्या कोपऱ्यात मला खाट रिकामी दिसली. मग दिसलं, खाटेच्या पलीकडे ओसरीचा खांब धरून मामा उभे होते. धोतर ढगळ झालेलं, मान पुढे, सगळं अंग लटपटत होतं. पण उभे होते.

माझा आवाज बंद झाला. पोरं ओरडायला लागली, "मॅडम, नेटवर्क गेलं का? मॅडम, आवाज येत न्हाई." मी पदराचं टोक तोंडात धरून उभी राहिले. थोड्या वेळानं म्हटलं, "हो, गेलं होतं. आता आलं. सिट डाऊन, एव्हरीबडी. स्लोली." मागं खाट करकरली.

ते दिवस आठवले की मला अजून वाटतं, माझ्या नोकरीत मी तेवढंच खरं शिकवलं. बाहेर माणसं मरत होती, रोज कुठल्या ना कुठल्या गावाहून वाईट बातमी यायची, आणि आमच्या ओसरीवर जगण्याचा तास चालला होता. दिवाळीपर्यंत मामा काठी घेऊन अंगणातल्या नळापर्यंत जाऊ लागले. तोंड धुवायचे, परत यायचे. नवरा सगळ्यांना सांगायचा, औषध लागू पडलं. आम्ही दोघी काही बोलायचो नाही.

मग शाळा उघडल्या. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. खडू हातात घ्यायला मिळाला, पोरं खरीखुरी समोर दिसली, त्यांची उंची वाढलेली पाहून मीच बावरले. माझ्या डोक्यात घरचा विचार आलाच नाही असं नाही. मला वाटलं, आता मामांना सवय लागलीये. आता ते आपले आपण करतील.

संध्याकाळी घरी आले तर मामा भिंतीकडे तोंड करून झोपलेले. सासूबाई म्हणाल्या, "सकाळधरनं उठले न्हाईत. मी म्हनलं, चला, नळापत्तूर जाऊन या. तर म्हनले, शाळा कुठं हाय आज?" दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही. मग मी एक युक्ती केली. सगळा तास सासूबाईंच्या फोनमध्ये आवाजात भरून ठेवला, आणि त्यांना सांगितलं, मी गेल्यावर खाटेशेजारी लावा. त्यांनी लावला. मामांनी जरा ऐकलं आणि म्हणाले, "बंद कर ते. त्यात कोन हाय?"

पाय पुन्हा आखडायला लागला. नळापर्यंत जाणारा माणूस खाटेवरून पाय खाली सोडायलाही कुरकुरू लागला. नवऱ्यानं डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, आता मागे गेले तर पुन्हा पुढे आणणं अवघड आहे. त्या दिवशी मी वर्गात शिकवत होते आणि मला काय शिकवतेय ते ऐकू येत नव्हतं. पोरं उठत होती, बसत होती. मला वाटत होतं, मी इथे कुणाला उठा म्हणतेय? ज्याला म्हणायचं तो तिकडे पडलाय. आणि त्याला म्हणायला मला या पोरांची गरज का लागावी? फोनची का लागावी? स्वतःचाच फार राग आला. त्या घरातल्या सगळ्या पिढ्यांच्या सुनांचाही आला, आणि सासऱ्यांचाही.

घरी आले. पर्स खुंटीला लावली नाही, पायावर पाणी घेतलं नाही. सरळ ओसरीवर गेले आणि खाटेच्या पायथ्याशी उभी राहिले. हातात फोन नव्हता. डोक्यावरचा पदर वाऱ्यानं खांद्यावर आला होता, तो मी तसाच राहू दिला.

"मामा," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा. माझाच आवाज मला परका वाटला. "मामा, उठा. बाहेर चालायला जायचंय."

स्वयंपाकघरात सासूबाईंची भाकरी थापण्याची थपथप थांबली. मग भिंतीकडूनच आवाज आला.

"कुनाला म्हनतीस?"

"तुम्हाला."

ते सावकाश कुशीवर वळले. माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे सरळ पाहिलेलं मला आठवत नाही. त्यांचे डोळे घारे आहेत हे मला तेव्हा कळलं.

"पोरं न्हाईत आज?"

"नाहीत. तुम्ही आणि मी."

त्यांनी उजवा हात पुढे केला. मी तो धरला. माणूस हलका झाला होता, पण हात जड होता, आणि तळवा खरखरीत, बैलांच्या कासऱ्यांनी घासलेला. उठले. काठी एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. दारातून बाहेर पडताना सासूबाई आतून म्हणाल्या, "टावेल तरी घ्या खांद्यावर," आणि पिठाच्या हातानंच तो आणून त्यांच्या खांद्यावर टाकला.

गल्लीत माणसं होती. बायका दारात आल्या. सून सासऱ्याचा हात धरून भर गल्लीतून चाललीये, तीही उघड्या डोक्यानं, असं आमच्या आळीनं पाहिलेलं नव्हतं. माझी मान ताठ होती. मामांनी काठी काखेला टेकवून खांद्यावरचा टॉवेल काढला आणि आमच्या धरलेल्या हातांवर टाकला. मला वाटलं, लाज वाटली म्हणून झाकलं. तेवढ्यात टॉवेलाखाली त्यांनी माझी दोन बोटं चिमटीत धरून दाबली.

मला समजेना. ते पुढे बघतच म्हणाले, "बाजारात भाव असा करत्यात. टावेलाखाली. कुनाला कळू द्यायचा न्हाई. दोन म्हनलं मी. दोन खांब."

समोर रस्त्याकडेला विजेचे खांब होते. दुसऱ्या खांबापर्यंत जाऊन परत यायचं, असा त्यांचा भाव होता. बाजारात बाई कधी अशा सौद्याला उभी राहिलेली नसणार. मी टॉवेलाखाली चाचपडत त्यांची चार बोटं धरली आणि दाबली. मामा थांबले. माझ्याकडे न बघता हसले. "लई वाढीव सांगती," म्हणाले, आणि तीन बोटं दाबली. आम्ही तिसऱ्या खांबापर्यंत गेलो.

त्यानंतर रोज संध्याकाळी मी शाळेतून आले की आमचा सौदा ठरलेला. गावाला सवय झाली. लोकांना काय, नवं असतं तोवर बघतात. मामा नेहमी कमी बोलायचे, मी नेहमी वाढवून सांगायचे, आणि मधे कुठेतरी ठरायचं. हळूहळू खांब संपले आणि आम्ही मळ्याच्या बांधापर्यंत जाऊ लागलो. वाटेत ते मला बोलायचे. सरळ, मला. कुठल्या जोडीनं कुणाचं नशीब काढलं, कुठला बैल दिसायला देखणा पण औताला नालायक निघाला, त्यांच्या आईनं दुष्काळात काय खाऊन दिवस काढले. मी ऐकायचे. इतकं बोलणारा माणूस आमच्याच घरात होता आणि मी त्याला इतकी वर्षं ताट वाढत होते, याचं मला फार वाईट वाटायचं. इंग्रजीचं नाव आम्ही दोघांनी कधी काढलं नाही. तंबाखू त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही, आणि मीही तो धडा घेतला नाही.

दीर्घायुष्यावर मी पोरांना अजून शिकवते. माझ्या वर्गात आता त्या वेळच्या पोरांची धाकटी भावंडं आहेत. पाणी प्या, चाला, लवकर झोपा, रागावू नका. सगळं खरं आहे आणि सगळं पुस्तकात आहे. शिकवताना मध्येच मी गप्प होते, आणि पोरांना वाटतं मॅडम शब्द विसरल्या.

मामा आणखी काही वर्षं चालले. मागच्या उन्हाळ्यात त्यांचं अंग उतरायला लागलं. डॉक्टरांनी हृदयाचं काही सांगितलं. तरी संध्याकाळी माझी गाडी दारात आली की ते खाटेवर पाय खाली सोडून बसलेले असत, टॉवेल खांद्यावर. एक दिवस आम्ही दाराबाहेर आलो आणि त्यांनी टॉवेलाखाली माझं एकच बोट दाबलं. पहिला खांब आमच्या घरासमोरच आहे. मी सवयीनं त्यांची बोटं धरायला गेले, तर ती गार लागली. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते समोर खांबाकडे बघत होते आणि धाप लागली होती, उभ्या जागी.

त्या दिवशी मी भाव वाढवला नाही. खांबापर्यंत गेलो, त्यांनी खांबाला हात लावला, आणि आम्ही घरी आलो.